विश्लेषण : भुलीच्या औषधाचा अंमल सर्वांवर सारखा का नसतो? चिलटापासून माणसापर्यंत जनुकांच्या प्रतींचे गणित

एकच औषध, वजनाप्रमाणे मोजून दिलेली तीच मात्रा. तरी एका रुग्णाचा श्वास दहा मिनिटांत सुरू होतो आणि दुसऱ्याला काही तास यंत्रावर ठेवावे लागते. या फरकामागे अनेकदा एकाच जनुकाच्या चालू प्रतींची संख्या असते. मराठवाड्यासाठी, म्हणजे बीडसाठीही, हा विषय जवळचा का आहे आणि शस्त्रक्रियेआधी कुटुंबाने डॉक्टरांना काय सांगायला हवे, याविषयी...

शस्त्रक्रिया अर्ध्या तासात आटोपते. डॉक्टर टाके घालून बाहेर येतात, ‘ऑपरेशन चांगले झाले’ असे सांगतात. मात्र रुग्ण बाहेर येत नाही. तास जातो, दोन तास जातात. आत भूलतज्ज्ञ रुग्णाला कृत्रिम श्वास देत थांबलेले असतात. हृदयाचे ठोके ठीक, रक्तदाब ठीक, पण छातीचे स्नायू हलत नाहीत. बाहेर नातेवाईकांच्या मनात नको ते विचार सुरू होतात. भूल जास्त दिली का, डॉक्टरांचे काही चुकले का, असे प्रश्न विचारले जातात.

अशा काही घटनांत चूक कुणाचीच नसते. मात्रा बरोबर असते, औषधही बरोबर असते. फक्त ते औषध मोडून काढण्याची सोय त्या रुग्णाच्या रक्तात नसते. ही बाब त्याला स्वतःलाही माहीत नसते, कारण एरवी आयुष्यात तिच्यावाचून काहीच अडत नाही. ती कळते ती थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

हे का घडते, हे समजून घ्यायचे तर आधी ‘जनुकाची प्रत’ म्हणजे काय ते पाहावे लागेल. त्यासाठी पिकलेल्या सीताफळाभोवती घोंघावणाऱ्या चिलटाची मदत घ्यावी लागते.

जनुकाच्या ‘प्रती’ म्हणजे काय?

शरीरातील प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे, याची कृती जनुकात लिहिलेली असते. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्हींवरून प्रथिन तयार होत राहते.

शेतातल्या विहिरीचे उदाहरण घेता येईल. विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आहेत. दोन्ही चालू असतील तर पाणी लवकर उपसले जाते. एक जळाली तरी दुसरीवर काम निभावते, वेळ थोडा जास्त लागतो. दोन्ही जळाल्या तर पाणी तसेच साचून राहते. जनुकांचेही साधारण असेच आहे. एक प्रत बिघडली तरी दुसरी बरेचदा काम भागवते. म्हणून एकच बिघडलेली प्रत असणाऱ्या माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. अशा व्यक्तीला ‘वाहक’ म्हणतात.

दोन या आकड्यातही बदल होऊ शकतो. गुणसूत्राचा एखादा तुकडा गळून पडला तर प्रत एकच उरते. तोच तुकडा दोनदा छापला गेला तर प्रती तीन किंवा चार होतात. अशा वेळी प्रथिन कमी किंवा जास्त बनते आणि त्याचा परिणाम शरीरावर दिसू शकतो.

हे सर्वांत आधी स्पष्ट दिसले ते चिलटात. ‘बार’ नावाच्या चिलटांचे डोळे गोल नसून पट्टीसारखे अरुंद असतात. १९३६ मध्ये या डोळ्यांचे कारण सापडले. एक्स गुणसूत्राचा एक तुकडा त्यांच्यात दोनदा आला होता. सामान्य मादीच्या डोळ्यात सुमारे ७७९ बारीक भिंगे असतात. तुकड्याची एक प्रत वाढली की ती सुमारे ३५८ वर येतात, दोन प्रती वाढल्या की अवघी ६८ उरतात. प्रतींची संख्या बदलली की शरीराची घडणही बदलते, हे यातून डोळ्यांनी मोजता आले.

चिलट म्हणजेच फळमाशी का?

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. शेतकरी ज्या फळमाशीसाठी आंब्याच्या किंवा पेरूच्या बागेत सापळे लावतात, ती वेगळी. ती आकाराने मोठी असते आणि चांगल्या फळात अंडी घालून ते नासवते. प्रयोगशाळेतील ‘ड्रोसोफिला’ म्हणजे घरात जास्त पिकलेल्या केळ्यावर जमणारे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, लालसर डोळ्यांचे चिलट. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटच्या डोंगरात पिकणाऱ्या या फळांची टोपली दोन दिवस घरात राहिली की वर जे बारीक काहीतरी घोंघावते, त्यात बहुतेक वेळा हेच चिलट असते.

गेली शंभरहून अधिक वर्षे ते आनुवंशिकतेच्या अभ्यासात वापरले जाते. अंड्यापासून पूर्ण चिलट व्हायला दहा-बारा दिवस पुरतात. गुणसूत्रांच्या चारच जोड्या असतात. माणसातील आजारांशी संबंधित जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांची भावंडे चिलटात सापडतात. थॉमस मॉर्गन यांना १९३३ मध्ये चिलटांवरील कामासाठी नोबेल मिळाले. २०१७ मध्ये शरीरातील घड्याळावरील संशोधनाला मिळालेल्या नोबेलचा पायाही चिलटच होते.

दुसरी सोय अशी की, चिलटाचे हवे ते जनुक हवे तितक्या प्रतींत ठेवता येते. गुणसूत्राचा ठरावीक तुकडा नसलेली किंवा जास्त असलेली चिलटे जगभरातील संग्रहांत जपून ठेवली आहेत. त्यांचा संकर केला की एखाद्या जनुकाची एकच प्रत असलेली किंवा तीन प्रती असलेली पिढी दोन आठवड्यांत तयार होते. मग दोघांना तेच औषध देऊन फरक मोजायचा. माणसावर असा प्रयोग करणे शक्य नाही आणि योग्यही नाही.

चिलटाला भूल कशी देतात आणि मोजतात कशी?

चिलटांना भूल देणे ही प्रयोगशाळेतील रोजची गोष्ट आहे. पूर्वी प्राणिशास्त्राचे विद्यार्थी नर-मादी वेगळे करण्यासाठी इथरचा बोळा वापरत, आता बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरतात. प्रश्न असतो तो मोजण्याचा. माणसाला हाक मारता येते, चिलटाला कशी मारणार?

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. उंच काचेची नळी घेतात. तिच्या आत वरपासून खालपर्यंत तिरक्या पायऱ्या बसवलेल्या असतात. नळीतून भुलीची वाफ मिसळलेली हवा सोडतात आणि वरून चिलटे टाकतात. शुद्धीवर असलेले चिलट पायरीला धरून बसते. भूल चढली की त्याची पकड सुटते आणि ते पायरीपायरीने खाली घसरत तळाशी पडते. कोणते चिलट किती मिनिटांनी खाली आले, एवढे मोजायचे. जे उशिरा पडते त्याच्यावर भुलीचा परिणाम कमी, जे लवकर पडते त्याच्यावर जास्त. हे यंत्र मुळात दारूचा परिणाम मोजण्यासाठी बनवले गेले होते.

या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे तिथे चिलटांच्या मज्जासंस्थेवर काम उभे राहिले. याच संस्थेतील के. एस. कृष्णन यांनी अमेरिकेतील हॉवर्ड नॅश यांच्यासोबत १९९० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या काळी शस्त्रक्रियांमध्ये सर्रास वापरला जाणारा हॅलोथेन हा भुलीचा वायू त्यांनी चिलटांना दिला आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम वेगळा होतो अशा चिलटांचे वाण शोधून काढले. हॅलोथेनला दाद न देणाऱ्या या वाणांना ‘हार’ हे नाव मिळाले.

त्या चिलटांमध्ये काय वेगळे होते?

काही ‘हार’ वाणांतील बिघाड एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात असल्याचे पुढे उघड झाले. चेतापेशीच्या भिंतीत सोडियमसारख्या क्षारांचे कण आत सोडणारी एक बारीक वाट असते. हे जनुक त्या वाटेचे प्रथिन बनवते. ही वाट सतत थोडी झिरपती असते आणि त्यामुळे पेशी ‘तयार’ स्थितीत राहते. असेच प्रथिन माणसाच्या मेंदूतही आहे.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. हे वाण भुलीच्या सर्व वायूंना सारखा प्रतिसाद देत नव्हते. एका वायूला जो फरक दिसे, तो दुसऱ्या वायूला तितका दिसत नसे. म्हणजे भुलीची सर्व औषधे मेंदूतले एकच बटण दाबतात, हा समज अपुरा ठरला.

एक्स गुणसूत्रामुळे प्रतींच्या हिशेबात आणखी एक गंमत होते. मादीत एक्सच्या दोन प्रती असतात, नरात एकच. मग नरात एक्सवरील सर्व प्रथिने निम्मी बनतात का? तर नाही. नर चिलट आपल्या एकुलत्या एक्सवरील जनुकांचे काम साधारण दुपटीने वाढवते आणि हिशेब बरोबर करते. त्यामुळे नुसती प्रतींची संख्या पाहून निष्कर्ष काढता येत नाही. त्या प्रतींवरून शेवटी किती प्रथिन बनले आणि ते काम करते का, हेही पाहावे लागते. माणसाकडे वळताना हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा.

माणसात हा प्रश्न कुठे येतो?

औषधाचा परिणाम दोन कारणांनी कमी-जास्त होतो. एक, औषध जिथे काम करते ती जागाच वेगळी असते. ‘हार’ चिलटांत हे दिसले. दोन, औषध शरीरात मोडले जाण्याचा वेग वेगळा असतो. शस्त्रक्रियागृहात ज्याचा अनुभव येतो असे ठळक उदाहरण दुसऱ्या प्रकारचे आहे.

पूर्ण भूल देताना रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी घशाचे आणि जबड्याचे स्नायू ढिले पडायला हवेत. तातडीच्या शस्त्रक्रियेत, पोट भरलेल्या रुग्णात, हे काम काही सेकंदांत व्हावे लागते. तिथे १९५० च्या दशकापासून ‘सक्सिनिलकोलीन’ वापरले जाते. काटेकोर बोलायचे तर हे भुलीचे औषध नाही, भुलीसोबत दिले जाणारे स्नायू शिथिल करणारे औषध आहे. साधारण मिनिटभरात त्याचा परिणाम होतो आणि पाच ते दहा मिनिटांत तो ओसरतो.

तो इतक्या लवकर ओसरतो, याचे श्रेय रक्तातील ‘ब्युटिरिलकोलिनएस्टरेज’ या विकराला जाते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. यकृतात बनणारे हे विकर सक्सिनिलकोलीनचे तुकडे करते. शिरेतून दिलेल्या औषधाचा मोठा भाग तर स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच रक्तात मोडतो. या विकराचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर जवळपास सगळे औषध स्नायूंपर्यंत पोहोचते आणि तिथून हटायला काही तास घेते. तोवर रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येत नाही.

ते मोजता येते का?

येते, आणि ते मोजण्याची कल्पना जुनी आहे. कॅनडातील वर्नर कालो यांनी १९५७ मध्ये एक चाचणी मांडली. रक्तद्रवात डिब्युकेन हे द्रव्य घालायचे आणि विकराचे काम किती टक्क्यांनी अडते ते पाहायचे. नेहमीचे विकर डिब्युकेनने जास्त अडते, बिघडलेले कमी अडते. या टक्केवारीलाच ‘डिब्युकेन क्रमांक’ म्हणतात.

* दोन्ही प्रती नेहमीच्या : क्रमांक सुमारे ८०, औषध पाच-दहा मिनिटांत ओसरते
* एक नेहमीची, एक बदललेली : क्रमांक सुमारे ६०, थोडा उशीर, तो बरेचदा लक्षातही येत नाही
* दोन्ही बदललेल्या : क्रमांक सुमारे २०, परिणाम काही तास राहू शकतो

८०, ६०, २०. चिलटाच्या डोळ्यातील भिंगे मोजावीत तशी इथे प्रतींची संख्या रक्ताच्या थेंबात मोजता आली. औषधाचा परिणाम आणि जनुक यांचा संबंध जोडणाऱ्या अभ्यासशाखेची सुरुवात ज्या थोड्या उदाहरणांनी झाली, त्यांत याचा समावेश होतो.

मात्र एक अडचण आहे. जनुकात असाही बदल असतो की, विकर जवळपास बनतच नाही. शास्त्रज्ञ त्याला ‘मूक’ प्रकार म्हणतात. विकरच नसेल तर ते किती टक्के अडले हे मोजण्याला अर्थ उरत नाही. अशा वेळी डिब्युकेन क्रमांकाऐवजी रक्तात विकराचे काम मुळात किती आहे, हे तपासावे लागते. त्यासाठी ‘सिरम कोलिनएस्टरेज’ ही रक्ततपासणी असते.

बीड आणि मराठवाड्याचा संबंध काय?

हाच ‘मूक’ प्रकार आर्य वैश्य समाजात इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आढळतो. कोइम्बतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये त्याचे कारण नोंदवले. विकराच्या प्रथिनात ३०७ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन हे अमिनो आम्ल आले होते. एवढ्या एका बदलाने प्रथिनाची घडी बिघडते आणि विकर निकामी होते. हा अभ्यास तमिळनाडूतील कुटुंबांवर झाला होता. पण हा समाज मूळचा तेलुगू भाषक आहे आणि आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू तसेच मराठवाडा असा पसरलेला आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये तो मुंबई राज्याला जोडला गेला. त्या जुन्या व्यापारी संबंधांतून नांदेड, परभणी, लातूर, हिंगोली आणि बीड जिल्ह्यांतील बाजारपेठांच्या गावांत हा समाज पिढ्यान् पिढ्या स्थिरावला आहे. परळी, अंबाजोगाईसारख्या गावांत तर त्याची ओळख जुनी आहे.

इथे तीन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, हा आजार नाही. ज्यांच्यात हे विकर नाही अशा व्यक्तींच्या प्रकृतीचा याच संशोधकांनी वेगळा अभ्यास केला, तेव्हा त्या एरवी निरोगी असल्याचे दिसले. दुसरी, समाजातील प्रत्येकाला हे असते असे अजिबात नाही. बहुतेकांच्या दोन्ही प्रती चालू असतात किंवा किमान एक तरी चालू असते. तिसरी, या विकराच्या जनुकातील इतर बदल सर्वच समाजांत आढळतात. त्यामुळे ‘आपण त्या समाजाचे नाही, म्हणजे प्रश्नच नाही’ असे कुणालाही म्हणता येत नाही.

एकाच समाजात प्रमाण जास्त कसे?

काही शतकांपूर्वी किंवा त्याहून आधी एखादा समाज मोजक्या कुटुंबांपासून वाढला असेल आणि पुढे लग्ने समाजातल्या समाजातच होत राहिली असतील, तर त्या मूळ कुटुंबांपैकी एखाद्यात असलेला दुर्मीळ बदल पुढच्या पिढ्यांत वारंवार भेटू लागतो. याला ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ गटांमध्ये हा परिणाम फिनलंडमधील लोकांपेक्षा किंवा पूर्व युरोपातील ज्यू लोकांपेक्षाही तीव्र आढळला. फिनिश आणि ज्यू ही याबाबत जगातील नेहमीची उदाहरणे मानली जातात. आर्य वैश्य समाज आणि स्नायू शिथिल करणारी औषधे यांचा संबंध त्या निबंधात उदाहरण म्हणून दिला आहे.

म्हणजे गोष्ट एका समाजाची नाही. जातीतच लग्न करणाऱ्या आपल्याकडील अनेक समाजांत असेच काही ना काही बदल असणार. या समाजाच्या बाबतीत तो शोधला गेला, एवढाच फरक.

नात्यातील लग्नाने ही शक्यता आणखी वाढते. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असण्याची शक्यता चारात दोन, आणि दोन्ही प्रती चालू असण्याची चारात एक. म्हणून एखाद्या रुग्णात हा प्रकार आढळला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करणे आधी महत्त्वाचे ठरते.

जनुके ठीक असूनही विकर कमी होऊ शकते का?

हो, आणि बीडसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे सर्वांनाच लागू आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके याच घराण्यातील विकरांना बांधून टाकतात. विषबाधेचा रुग्ण आल्यावर डॉक्टर जी कोलिनएस्टरेज तपासणी करतात, ती याचसाठी. अशा रुग्णाच्या दोन्ही मोटारी शाबूत असतात, पण कुणीतरी वीज तोडलेली असते. त्याला सक्सिनिलकोलीन दिले तर परिणाम लांबू शकतो. विकराची पातळी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यानंतर मास्क आणि हातमोज्यांची चर्चा झाली. पण फवारणीच्या हंगामात अपघात झाला, अपेंडिक्स फुटले आणि तातडीने भूल द्यावी लागली, तर ‘गेल्या आठवड्यात फवारणी केली होती’ हे वाक्य डॉक्टरांना सांगायचे कुणाच्याही मनात येत नाही. यकृताचे गंभीर आजार, कुपोषण आणि गरोदरपण यांतही हे विकर काही प्रमाणात कमी होते.

प्रती जास्त झाल्या तर फायदाच ना?

तसे नाही. यकृतातील ‘सीवायपी२डी६’ या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात. काहींत एकही चालू प्रत नसते, काहींत तीन किंवा अधिक असतात. शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी दिले जाणारे कोडीन या जनुकाच्या विकरामुळे मॉर्फिनमध्ये बदलते. चालू प्रत नसणाऱ्यांचे दुखणे कोडीनने थांबत नाही. जास्त प्रती असणाऱ्यांत मॉर्फिन इतक्या वेगाने बनते की श्वास मंदावू शकतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर काही मुले अशा प्रकारे दगावल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असे बजावले. भारतात जास्त वापरले जाणारे ट्रॅमाडॉलही याच वाटेने जाते.

भूलतज्ज्ञ काय करू शकतात?

आधी माहिती असेल तर फारसे काही अवघड नाही. सक्सिनिलकोलीन आणि त्याच विकराने मोडणारे मिव्हाक्युरियम टाळले जाते. त्याऐवजी रोक्युरोनियमसारखे औषध देता येते, त्याचा परिणाम उतरवण्यासाठी सुगामाडेक्स उपलब्ध आहे. अनेक शस्त्रक्रिया कमरेतून भूल देऊनही होतात.

माहिती नसेल आणि टेबलावरच हा प्रकार घडला, तर उपाय एकच. कृत्रिम श्वास चालू ठेवायचा, रुग्णाला झोपेत ठेवायचे आणि वाट पाहायची. झोपेत ठेवणे महत्त्वाचे, कारण स्नायू बंद असले तरी मेंदू जागा होऊ शकतो. सर्व ऐकू येते, पण बोट हलवता येत नाही, अशी ती अवस्था असते. औषध शेवटी ओसरतेच आणि रुग्ण पूर्ण बरा होतो. पण त्यासाठी तितके तास चालणारे व्हेंटिलेटर, वीज आणि जवळ बसणारा तज्ज्ञ लागतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या शहरात हे होऊ शकते. तालुक्याच्या गावातील दहा खाटांच्या दवाखान्यात, रात्री, हेच अवघड होऊन बसते.

शस्त्रक्रियेआधी कुटुंबाने काय सांगावे?

बीड जिल्ह्यातील माणूस उपचाराला एका जागी जात नाही. आष्टी-पाटोद्याचा रुग्ण नगरला जातो, गेवराईचा छत्रपती संभाजीनगरला, परळीचा अंबाजोगाईला किंवा लातूरला. ऊसतोडीला गेलेल्यांची शस्त्रक्रिया कारखान्याच्या गावी होते. जुनी कागदपत्रे त्यामुळे कुठल्या ना कुठल्या पिशवीत राहून जातात. म्हणून कुटुंबाच्या आठवणीला इथे मोठी किंमत आहे. भूलतज्ज्ञाला पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात :

* स्वतःला किंवा आई-वडील, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी यांपैकी कुणाला भुलीनंतर शुद्धीवर यायला किंवा श्वास घ्यायला असाधारण उशीर लागला होता का
* घरातील कुणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर अचानक दगावले होते का
* कुटुंबात कुणाचा कोलिनएस्टरेज तपासणीचा निकाल कमी आला होता का
* आर्य वैश्य समाजातील कुटुंब असेल तर तसे स्पष्ट सांगावे. यात कमीपणा काही नाही, ही रक्तगट सांगण्यासारखी बाब आहे
* गेल्या काही आठवड्यांत फवारणी केली होती का, कीटकनाशकाचा त्रास झाला होता का
* गरोदरपण, यकृताचा आजार, सुरू असलेली औषधे

एकदा हा प्रकार निदान झाला तर डॉक्टरांकडून तो कागदावर लिहून घ्यावा, आधार कार्डासोबत ठेवावा आणि भावंडांनाही कळवावे.

‘तुमच्या घरात भुलीचा कुणाला त्रास झाला होता का?’ हा भूलतज्ज्ञाचा नेहमीचा प्रश्न असतो. घाईत त्याला बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. आजीच्या ऑपरेशनच्या वेळी ‘ती दिवसभर उठलीच नव्हती’ ही गोष्ट मात्र घरात कुणाला तरी आठवत असते. जनुकाची तपासणी सर्वांना परवडणारी नाही आणि प्रत्येक ठिकाणी होतही नाही. ती आठवण सांगायला पैसे लागत नाहीत. सहीसाठी संमतीपत्र पुढे येण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला एक फोन करून ती विचारून घ्यावी.